कॅरिअरवरचे दिवे

मला लिहिण्याचा अधिकार आहे की नाही, हे खरंच माहीत नाही. आमच्या घरात आजवर कोणी लिहिलं असेल तर ते गोण्यांवर. झेंडूच्या गोणीवर काळ्या रंगाने नानांच्या नावाची दोन अक्षरं काढायची, म्हणजे बाजारात गोणी बदलत नाही. एवढंच आमच्या घराण्याचं लेखन. मी विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्यातला कॉलेजात आलेला पहिलाच. वार्षिक अंकासाठी लेख द्या, असं मराठीच्या मॅडम वर्गात येऊन सांगून गेल्या, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. प्रयोगाचा अहवाल मला लिहिता येतो. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. ललित लेखात यातलं आधी काय येतं ते कोणाला विचारायचा धीर झाला नाही. तेव्हा चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. विषयही तसा लेखात शोभणारा नाही. आमच्या जुन्या मोटरसायकलला एलईडीचे इंडिकेटर बसवले, त्या हंगामाबद्दल लिहायचं आहे.

आठवण निघाली ती परवाच्या बसमुळे. आडगावच्या पुढच्या थांब्यावर एक बाई झेंडूची पिशवी घेऊन चढल्या आणि सगळी बस त्या वासाने भरून गेली. कॉलेजातली मुलं झेंडूच्या वासाला नाक मुरडतात. मी त्यांना दोष देत नाही. तो देवघरातला वास त्यांना माहीत आहे, खुडतानाचा माहीत नाही. पहाटेच्या दवात फूल देठापासून मोडलं की बोटांना हिरवा, कडसर चीक लागतो, आणि तो साबणाने जात नाही. माझ्या अकरावीच्या जर्नलची पानं उघडली तर अजूनही कडेला पिवळट बोटं उमटलेली दिसतात. त्याच दिवशी कॉलेजात पोचलो तर फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं. आमच्याकडे झेंडू आणि परीक्षा एकाच वेळी तयार होतात. पितृपक्षात दोन्हींना कळ्या धरतात आणि दिवाळीपर्यंत दोन्ही उरकावे लागतात.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांची मोटरसायकल नव्वदच्या दशकात, मी प्राथमिक शाळेत असताना आमच्याकडे आली, आणि तेव्हाही ती नवी नव्हती. शंभर सीसीची, टाकीचा लाल रंग आधीच्या मालकाच्या गुडघ्यांनी घासून गुलाबी पडलेला. दूधवाल्यांच्या गाडीला किटल्यांसाठी असतं तसं लोखंडी कॅरिअर नानांनी गावातल्या वेल्डरकडून करून घेतलं. दोन्ही बाजूंना फुलांच्या गोण्या लटकवायच्या आणि सीटवर मागे एक आडवी बांधायची. गोण्या चढल्या की मागून गाडी दिसायची नाही. गोण्याच रस्त्याने निघाल्या आहेत आणि त्यांच्यावर एक टोपी ठेवली आहे, असं दिसायचं. कंपनीचे नारिंगी इंडिकेटर पहिल्याच हंगामात गोण्यांच्या धक्क्यांनी मोडले. रबरी देठ तेवढे उरले. नानांना त्याची चुटपुट वाटली नाही. त्यांचा हात होता.

तो हात मला अजून दिसतो. शहराच्या नाक्याजवळ हायवे सोडून उजवीकडे पंचवटीत, फुलबाजाराकडे वळायचं असे. मी लहान असताना टाकीवर पुढे बसून बाजारात जायचो. वळणाच्या बरंच आधी नाना उजवा हात बाहेर काढायचे, खांद्याच्या रेषेत सरळ, पंजा खाली, आणि सावकाश खालीवर करायचे. बैलाच्या पाठीवर थाप द्यावी तसा. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज लगेच खाली यायचा. मला वाटायचं, नाना ट्रकलाच शांत करतात. खूप मोठा होईपर्यंत मला तसंच वाटत होतं.

त्या वर्षी मी पदवीच्या पहिल्या वर्षाला होतो आणि माझं लायसन नुकतंच निघालं होतं. पितृपक्षातच नानांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं आणि हळूहळू सुटेल म्हणाले. नानांना नुसतं हँडल धरता यायचं, पण गोण्या लादलेली गाडी पेलायची नाही, आणि हात कमरेच्या वर उचलला की खांद्यातून कळ निघायची. आईने तीळतेल चोळलं, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. खांदा काही ऐकेना. मळ्यात झेंडू मात्र कोणाच्या खांद्याची वाट बघत नव्हता. कळ्यांना रंग दिसू लागला होता.

संध्याकाळी जेवताना नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "दिलीप नेईल फुलं बाजारात. दिवाळीपर्यंतचा तर सवाल हाय."

"आन् त्याची परीक्षा?" आत्या म्हणाली.

"एक वर्ष बुडलं तर काय आभाळ कोसळतं?"

"एक वर्ष, एक वर्ष करत मी सातवीत राहिले, दादा. गाडी मी नेते."

आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, हे मला जळक्या वासाने कळलं.

सुमनआत्या ही नानांची धाकटी बहीण. तिला नांदगावला दिली होती. तिथे तिचं जमलं नाही. का, ते आमच्याकडे बोललं जात नाही. मी चौथीत असताना ती एक पेटी घेऊन परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी सांगायच्या आत फुलं खुडायला उभी राहिली. साडीवर नानांचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. मळ्यातून घरापर्यंत चाऱ्याच्या पेंड्या आणायला म्हणून नानांनीच तिला मोटरसायकल शिकवली होती. बांधाच्या कच्च्या रस्त्याने ती गाडी अशी आणायची की कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या नाहीत. त्यांना भरवसा होता. पण मळा निराळा आणि हायवे निराळा.

"मळ्यात मागून ट्रक येत नाय, सुमे," नाना म्हणाले. "नाक्यावर वळताना हात कसा दाखवशील? गोण्यांनी गाडी लय जड होती. तुझं वजन ते केवढं. एक हात सोडला का गाडी आडवी."

आत्या उठली. तिने ताट उचललं आणि मोरीत जाऊन बराच वेळ घासत बसली. मग तिथूनच म्हणाली, "दिल्या, गाडीला ते दिवे बसवता येतील का रे? वळायचे?"

मी हो म्हणालो. मला येत नव्हतं, पण हो म्हणालो. एक तर मी भौतिकशास्त्र शिकत होतो, आणि घरात त्याचा उपयोग काय असं मला अधूनमधून विचारलं जायचं. दुसरं असं की माझं वर्ष त्या दिव्यांवर होतं आणि तिला ते माझ्याइतकंच कळलं होतं. तिचंही काही त्यात होतं. एकदा खुडताना ती सहज बोलून गेली होती, "भावाची भाकर गोड असती, पण ती आपल्या हाताने भाजलेली असावी." बाजार हे तिच्या हाताने भाजायचं काम होतं.

आता हे दिवे कोणाच्याही गाडीला दिसतात. तेव्हा आमच्या भागात ते नवेच होते. शहरातल्या गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत दुकानांच्या दारात ते प्लॅस्टिकच्या पाकिटांत तोरणासारखे लटकत असत, शेजारी रंगीत ग्रिप आणि आरशांना लावायच्या झुली. मी आणि आत्या दोघं गेलो. दुकानदाराने विचारलं, "गाडी किती जुनी?"

"माझ्या लग्नाच्या आधीची," आत्या म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाणाच्या आकाराचे पिवळे दिवे काढले आणि जुना फ्लॅशर चालणार नाही, नवा घ्यावा लागेल, असं समजावलं. फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारी लहानशी डबी. आत्याने दिवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढासा जीव," ती म्हणाली. "ट्रकवाल्याला दिसंल का?" दुकानदाराने तो बॅटरीला जोडून दाखवला. भर उजेडात डोळे मिटायला झाले. आत्या हसली. ती हसते तेव्हा पदर तोंडाला लावते, पण शर्टावर पदर नसल्यामुळे तिने रुमाल लावला.

दिवे कुठे बसवायचे याचा विचार आम्हाला करावाच लागला नाही. कॅरिअरवर. मडगार्डवर लावले तर गोण्यांखाली झाकले जाणार. कॅरिअरचा पाइप गोण्यांच्या मागे जिथे बाहेर डोकावतो, त्याच्या दोन टोकांना दोन दिवे. ते गोणीच्याही पलीकडून दिसणार. पुढचे दोन हेडलाइटच्या बाजूंना. वायर पाइपला चिकटपट्टीने गुंडाळत सीटखाली नेली आणि तिथे पिळून पक्की जोडून टाकली. मडगार्डवरचे ते मोडके रबरी देठ मी काढून फेकले. नवं बसवल्यावर जुनं कशाला ठेवायचं, असं वाटलं. गाडी विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत उभी होती. आत्या वायर धरून बसली होती आणि मी मान वाकडी करून सीटखाली. नवरात्र चालू होतं. आत्याचे नऊ दिवसांचे उपवास होते, तरी ती उठली नाही.

मी किल्ली फिरवली आणि उजवं बटण दाबलं.

चारही दिवे लागले. पुढचे, मागचे, उजवे, डावे, एका तालात उघडझाप करत. डावं बटण दाबलं. पुन्हा चारही.

आई घराच्या दारातून म्हणाली, "अगं बाई, दिवाळीच्या आधीच?"

नाना खांद्याला फडकं गुंडाळून आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "चारही लागतात ना? मग चांगलंच की. हायवेवर बघत नाय का तुम्ही? सरळ जायचं असलं का चारही लावतात."

"सरळ जायला दिवे कशाला लागतात, दादा?" आत्या म्हणाली. "मला वळायचं हाय."

त्या दुपारी मला आयुष्यात पहिल्यांदा शिकलेलं खरं करून बघायची गरज पडली, असं म्हटलं तर ते मोठं बोलणं होईल. पण काहीसं तसंच झालं. मी वायरी सोडवल्या, जमिनीवर काडीने रेघा ओढून करंट कुठून कुठे जातो ते काढत बसलो. आत्या शेजारी बसून त्या रेघा बघत होती. कोंबडीने एकदा माझं सर्किट विस्कटलं. ऊन खोलीच्या मागे गेलं, तेव्हा सापडलं. पुढे मीटरमध्ये एक बारका बल्ब असतो, इंडिकेटर चालू आहे हे चालवणाऱ्याला कळावं म्हणून. त्या एका बल्बाचं एक टोक उजव्या बाजूला जोडलेलं होतं आणि एक डाव्या. उजवीकडे दिलेला करंट त्यातून थोडासा डावीकडे पाझरायचा. जुन्या बल्बांना तेवढ्या चोरट्या करंटने जागही आली नसती. एलईडीला तेवढा पुरत होता.

मी मीटरमधला तो बल्ब ओढून काढला. उजवं बटण दाबलं, उजवेच दोन लागले. डावं दाबलं, डावेच.

"काय केलंस?" आत्याने विचारलं.

"मधला काढला. तो दोन्हीकडे लागून होता."

आत्याने तो काढलेला बल्ब हातात घेतला. "माझ्या सोयरिकीत पण असाच एक मधला होता," ती म्हणाली. "तेव्हा तू कुठं गेला होतास?" आणि हसत सुटली. आईसुद्धा हसली. नाना हसले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत. तिचं लग्न कसं बिनसलं याबद्दल ती बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बल्ब काढल्याचा एक तोटा झाला. दिवा चालू आहे की बंद, हे चालवणाऱ्याला कळायला मार्ग उरला नाही. आत्याने त्यावर आपली युक्ती काढली. बटण दाबताना मोठ्याने म्हणायचं, "उजवा चालू." वळून झालं की, "उजवा बंद." बैलांशी बोलावं तसं. तरी ती विसरायचीच. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी धुकट असायचं, आणि बाजार करून ती परत यायची तेव्हा बांधाच्या टोकाशी आधी एक पिवळा ठिपका दिसायचा, उघडमीट करणारा. गाडी मागून यायची. नाक्यावर लावलेला दिवा मळ्यापर्यंत तसाच. आई म्हणायची, "आली बघा, अजून वळतेच आहे." तो ठिपका दिसला की आईचे हात पुन्हा कामाला लागायचे. मी ते तेव्हा पाहिलं होतं, पण लक्षात आलं नव्हतं. आता लिहिताना लक्षात येतंय.

पंचवटीतल्या फुलबाजारात आत्याचं आगमन कसं झालं, ते मी पाहिलेलं नाही, सखूबाईंच्या तोंडून ऐकलं आहे. सखूबाई देवळाच्या रस्त्यावर हार गुंफायला बसतात. नानांची फुलं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जातात. त्यांचं बोलणं तिखट. पहिल्या दिवशी कॅरिअरवरचे लुकलुकते बाण बघून त्या म्हणाल्या, "काय गं सुमन, गाडीचं लगीन हाय का? दिवे लावून वरात आणलीस?"

"वरातीला फुलं तुझ्याकडनंच लागतील, मावशी. उतरून घे."

आजूबाजूच्या माळणी हसल्या. दोन दिवस बाप्ये वळून बघत राहिले, मग त्यांनी बघायचं सोडलं. दसऱ्याला तर इतकी गर्दी होती की कोण आलं आणि कोण गेलं हे बघायला कोणाला सवड नव्हती. सबंध रस्ता पिवळा आणि भगवा झालेला, पायांखाली पाकळ्यांचा चिखल. त्या दिवशी आत्याने दोन खेपा केल्या. मी घरी अभ्यासाला बसलो होतो आणि पुस्तकात माझं लक्ष नव्हतं.

मग नाक्यावर पोलिसाने तिला थांबवलं. मोठा प्रसंग झाला नाही. भला माणूस असावा. "मावशी, लायसन?" त्याने विचारलं. आत्याकडे शिकाऊ होतं, नानांनी पूर्वी काढायला लावलेलं, पक्कं नव्हतं. आणि शिकाऊ लायसनवर अशी एकटीने, गोण्या लादून गाडी नेता येत नाही, हेही त्याने सांगितलं. "पुढल्या वेळी पक्कं दाखवा," म्हणून त्याने सोडलं.

आत्याने घरी आल्या आल्या ते सांगून टाकलं. लपवता आलं असतं, लपवलं नाही. नाना विचार करून म्हणाले, "बरोबर बोलला तो. आजपासून गाडी उभी. पक्कं लायसन निघालं तर दिवाळीचा माल तू ने. नाय निघालं तर दिलीप. मधलं काय नाय." दिवाळीचा माल म्हणजे आमचा वर्षाचा माल. आणि दिवाळीच्या आधीच्या दिवसांत माझे निम्मे पेपर आणि प्रॅक्टिकल. लायसनच्या टेस्टची तारीख मिळाली तीही नेमकी माझ्या भौतिकशास्त्राच्या पेपरची. तोवर शेजारच्या टेम्पोत आमच्या गोण्या कोपऱ्यात जागा मिळेल तशा जाऊ लागल्या, आणि उतरेपर्यंत निम्मी फुलं चेमटत. तशी सगळी दिवाळी काढता येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

पेपरच्या दिवसांत मी समीरच्या खोलीवर राहत होतो. समीर माझ्या वर्गातला. खोली कॉलेजच्या मागे, खिडकीतून एक वाळत घातलेली गोधडी कायम दिसायची. टेस्टच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं. कॅरिअरवरचे दिवे, मधला बल्ब. मला थोडं कौतुक हवं होतं. समीरने ऐकून घेतलं आणि सहज म्हणाला, "पण टेस्टला कॅरिअर काढायला लावतात ना? आमच्या दूधवाल्या काकांना लावलं होतं. लोखंड बाहेर आलेलं असतं, साहेब ट्रॅकवर घेत नाहीत."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. कॅरिअर काढायचं म्हणजे मागचे दिवे काढायचे. वायर पिळून पक्की केलेली. मडगार्डवर देठसुद्धा नाहीत, ते मी फेकलेले. आमच्या घरात कोणालाही, मलाही, एवढे दिवस हे सुचलं नव्हतं. सुचणार कसं? कॅरिअर नसलेली मोटरसायकल आम्ही कधी पाहिलीच नव्हती. आमच्या लेखी ते गाडीचंच हाड होतं.

खाली जाऊन मी गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "सांगतो." पण त्याच्या मागे गिऱ्हाइकांचा गलका होता आणि त्याचं सांगतो कसं असतं ते मला माहीत होतं. पुन्हा लावला तर लाइन लागली नाही.

दुसऱ्या दिवशीचा पेपर मी कसा लिहिला त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. प्रश्न येत होते. एका प्रश्नात सर्किट काढायचं होतं. मी ते काढलं, आणि पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. जमिनीवर काडीने काढलेलं, कोंबडीने विस्कटलेलं, तेच डोळ्यांपुढे आलं. पर्यवेक्षकांनी जवळ येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. तेवढंच माझ्या हातात होतं.

पेपर सुटल्यावर मी पेठ रोडला गेलो. आरटीओच्या मैदानात चुन्याने आखलेला इंग्रजी आठाचा आकडा तेवढा दिसत होता. जेवणाची सुट्टी होती. फाटकाजवळच्या टपरीवाल्याला विचारलं, एक बाई आल्या होत्या का, लाल मोटरसायकल. तो म्हणाला, "सकाळी आली होती एक. साहेबांनी परत पाठवली."

तिथून फुलबाजार पायी फार लांब नाही, पण मला तो लांब वाटला. चालताना मी मनाशी बाकीचे पेपर सोडून देत होतो, एकेक करून. रसायनशास्त्र, मग प्रॅक्टिकल. आत्याला काय म्हणायचं, हेही जुळवत होतो. तिची चूक नव्हती. गाडी तिला येत होती. दिवे मी चुकीच्या जागी बसवले होते.

सखूबाईंच्या फुलांच्या ढिगामागे भिंतीला टेकून आमचं कॅरिअर उभं होतं. नुसतं कॅरिअर. दोन बाण आणि खाली लोंबणारी वायर, टोकाशी चिकटपट्टी ओढून काढलेली. गाडी नाही. आत्या नाही. गाडीशिवाय ते लोखंड मी प्रथमच बघत होतो. मला आधी अपघाताचीच शंका आली.

"सखूबाई, आत्या कुठे?"

सखूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. त्यांच्या दातांत दोरा होता. गुंफताना दोऱ्याचं टोक त्या दातांत धरतात, आणि हार पुरा होईपर्यंत तोंड उघडत नाहीत. सुटला तर सगळी फुलं ओघळतात. त्यांनी हाताने खूण केली, बस. मी बसलो. एक फूल, एक पान, गाठ. एक फूल, एक पान, गाठ. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्यालाही घाई होती. मी त्या कॅरिअरकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. शेवटची गाठ बसली. त्यांनी दोरा दाताने तोडला, हार गिऱ्हाइकाला दिला, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तोंड का असं केलंस रे? फोटो काढायला परत गेलीय ती हापिसात. लायसनवर फोटो लागतो म्हणं."

मला लगेच कळलं नाही. मी विचारलं, "परत पाठवली ना?"

"पाठवली की! साहेब म्हणला, हे लोखंड काढून या. मग हितं आली, माझ्याकडनं विळी घेतली, ती पट्टी फाडली, आपल्या हाताने नट खोलले न् ठिवलं हे. म्हणली, मावशी, आता मागं दिवा नाय. मी म्हणलं, मग गं? तर म्हणली, दिवा नाय तर नाय, गोण्या पण नाय ना आज. हात मोकळाय."

सखूबाई उठून उभ्या राहिल्या. मांडीवरच्या पाकळ्या खाली पडल्या. भर रस्त्यात त्यांनी उजवा हात बाहेर काढला, खांद्याच्या रेषेत सरळ, पंजा खाली, आणि सावकाश खालीवर केला.

"असा दावला साहेबाला, मघाशी येऊन सांगून गेली. प्रत्येक वळणाला. मागनं येणारी रिक्षा थांबली बघ आत्ता. पास केली तिला."